जड धातू, आपलं घर आणि शिसं

रसायनशाळा :

तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याच्या धाग्यावर कुणीतरी "जड धातू अंगात साठतात, दर तीन महिन्यांनी डिटॉक्स करा" असं लिहिलं आणि तिथून तो धागा जो भरकटला तो भरकटलाच. म्हणून हा वेगळा काढतोय. अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत माझी हयात गेली, धातूंचं विश्लेषण हेच रोजचं काम. तेवढ्या हक्काने लिहितो. औषधोपचाराचं इथल्या डॉक्टरमंडळींनी बघावं.

जड धातू म्हटलं की चार नावं हमखास येतात: शिसं, पारा, कॅडमियम, आर्सेनिक. (आर्सेनिक खरं तर उपधातू, पण पंगतीला या तिघांच्याच बसतो.) उदाहरणंही ठरलेली. जपानमधलं मिनामाता, १९५६: चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यातला पारा खाडीतल्या माशांत, माशांतून मांजरांत आणि कोळ्यांच्या घरात. त्याच देशात जिंझू नदीकाठी खाणीतलं कॅडमियम भातात उतरलं आणि म्हाताऱ्या बायकांची हाडं नुसत्या खोकल्यानेही मोडायला लागली. पश्चिम बंगालमध्ये १९८३ साली कोलकात्याच्या डॉ. के. सी. साहांकडे अंगावर काळे डाग आणि तळहातांना घट्टे पडलेली माणसं आली, दोष निघाला कूपनलिकेच्या पाण्यातल्या आर्सेनिकचा.

हे वाचून आपण निर्धास्त होतो, कारण आपल्या गल्लीत चिस्सो नाही आणि खाणही नाही. शिशाला मात्र तेवढा बडेजाव लागत नाही. त्याचे दोन मोठे दरवाजे सरकारने बंद केले. २००० साली देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. (त्याआधी रंगवलेली ग्रिलं आणि पाळणे घरोघरी तसेच आहेत, खरवडताना जपा.) उरल्या त्या फटी. माझं म्हणणं असं की आपल्यासारख्यांच्या घरात या फटी फडताळात आणि देवघरात आहेत.

हळदीपासून सुरू करतो. हळकुंडं उकडून, वाळवून मग पिंपात फिरवून पॉलिश करतात. बांगलादेशात १९८० च्या दशकात पुरामुळे हळद भिजून काळपट पडायला लागली, तेव्हा पॉलिश करताना लेड क्रोमेट टाकायची युक्ती निघाली. लेड क्रोमेट म्हणजे फर्निचरला वगैरे लावायचा, शिशापासूनचा पिवळाधमक रंग. स्टॅनफर्डच्या जेना फोर्साइथ आणि त्यांच्या बांगलादेशी सहकाऱ्यांनी २०१९ साली हे बाहेर काढलं. तिथल्या सरकारने ढाक्याच्या घाऊक बाजारात धाडी घातल्या, दंड केले, आणि बाजारातल्या शिसंवाल्या नमुन्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आलं. सरकारने मनावर घेतलं तर दोन वर्षांत होतं, एवढं त्यातून कळलं. आपल्याकडे तशी मोहीम मी पाहिली नाही. २०२४ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंकेतल्या शहरांच्या नमुन्यांचा अभ्यास आला, त्यात पाटणा, कराची आणि पेशावरचे काही नमुने १००० पीपीएमच्या वर होते.

आता जरा हिशेब. १००० पीपीएम म्हणजे एक ग्रॅम हळदीत एक मिलिग्रॅम शिसं. पोराच्या वरणात चिमूटभर हळद जाते, पाव ग्रॅम धरा. झाले २५० मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न आणि औषध प्रशासन) मुलांच्या पोटात अन्नातून जाणाऱ्या शिशाला दिवसाला २.२ मायक्रोग्रॅमवर रेघ मारली आहे. आणि गंमत बघा, आपल्याकडे हळदीत १० पीपीएमपर्यंत शिसं कायद्याने चालतं. म्हणजे कायद्यात बसणाऱ्या हळदीची तीच चिमूट अडीच मायक्रोग्रॅम देऊ शकते!

तर हा धागा फटी शोधण्यासाठी. ज्याला जे ठाऊक असेल ते लिहा.

तिखटमीठ :

वाचतेय. मी तयार हळद आणतच नाही. हळकुंडं आणून गिरणीतून दळून घेते. मग मी सुटले ना?

रसायनशाळा :

अर्धवट. रंग पॉलिशच्या वेळी अख्ख्या हळकुंडालाच चढवतात, त्यामुळे "घरी दळली" ही खात्री नव्हे. पॉलिश न केलेली, मळकट, सुरकुतलेली हळकुंडं मागा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. हळकुंड बाहेरून पिवळंजर्द आणि मोडल्यावर आत वेगळीच छटा, असं दिसलं तर घेऊ नका. पाण्यात टाकून रंग सुटतो का बघायची घरगुती परीक्षा ठीक आहे, पण ती ढोबळ भेसळ पकडते. ५०-१०० पीपीएम डोळ्यांना दिसत नाही.

कासारआळी :

भांड्यांचं मी सांगतो, आमचा पिढीजात धंदा. कल्हई शुद्ध कथलाची हवी. कथील महाग, शिसं स्वस्त, दोन्ही पांढरट आणि दोन्ही लवकर वितळणारी. त्यामुळे दारावर येणारा एखादा कल्हईवाला कथलात शिसं मिसळतो किंवा सरळ सोल्डरची (डाग द्यायची, शिसं मिसळलेली) कांडी वापरतो. भांडं तापवून नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला, कापसाने हात फिरवला की दोन्ही सारखंच चकाकतं. गिऱ्हाईक खूश.

ओळखायचं कसं? कल्हई लावायच्या आधी त्याच्याकडची कांडी हातात घ्या आणि कानाशी धरून वाकवा. चोख कथील वाकताना करकरतं, अगदी स्पष्ट. शिसं मुकाट्याने वाकतं. शिशाची कांडी कागदावर ओढली तर काळी रेघ उमटते. माझे वडील कांडी न वाकवू देणाऱ्याला अंगणात बसू देत नसत. आणि कल्हईच्या भांड्यात चिंचेचा सार, ताकाची कढी रात्रभर ठेवायची नसते, हे आज्या सांगत त्यात तथ्य आहे. आंबटाने धातू सुटतो.

अवांतर: भंगारातून ओतलेली स्वस्त ॲल्युमिनियमची पातेलीही बघा. अमेरिकेत सिॲटलकडच्या आरोग्य खात्याला तसल्या आयात भांड्यांतून शिसं सुटताना सापडलंय.

डॉ. उपाशीपोटी :

कासारआळी, दंडवत. ही कांडीची परीक्षा विद्यार्थ्यांना सांगणार.

वैद्यकीय बाजू थोडक्यात. शिशाला शरीर कॅल्शियम समजून आत घेतं, म्हणून ते हाडांत जाऊन बसतं आणि मेंदूत जिथे कॅल्शियमचं काम चालतं तिथे लुडबूड करतं. हिमोग्लोबिन तयार करणारी विकरंही बंद पाडतं. रक्तातलं शिसं महिना-सव्वा महिन्यात निम्मं होतं, हाडातलं मात्र वर्षानुवर्षं राहतं. गरोदरपणात आईच्या हाडातलं कॅल्शियम बाळासाठी सुटतं तेव्हा जुनं शिसंही सोबत निघतं. पोटात गेलेल्यापैकी मोठी माणसं साधारण दहा टक्के शोषतात, लहान मुलं चाळीस-पन्नास टक्के. लोह कमी असेल तर आणखी. आपल्याकडच्या मुलांत रक्तक्षय किती आहे ते सांगायला नको.

एक रुग्ण विसरत नाही. पोटात मरणाच्या कळा म्हणून तरुण माणूस सर्जरीच्या वॉर्डात आला. पोट हाताला मऊ, सोनोग्राफी स्वच्छ, हिमोग्लोबिन ७. ॲपेंडिक्सची तयारी चालली होती. आमच्या पॅथॉलॉजीच्या मॅडमनी रक्ताची काच बघून विचारलं, "हा काम काय करतो?" तांबड्या पेशींत निळे ठिपके होते. ओठ उलटून पाहिला तर हिरडीच्या कडेला निळसर काळी रेघ. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या भट्टीवर होता तो. मनगटही नीट उचलता येत नव्हतं, ते आम्ही नंतर पाहिलं.

भट्टीवाला :

मी असल्याच धंद्यात हिशेब लिहायला होतो (भट्टीचं नाव, गाव विचारू नका). कामगारांना रोज गूळ आणि केळं मिळायचं, "गुळाने शिसं उतरतं" म्हणून. मास्क म्हणजे गळ्यातला रुमाल. जेवण भट्टीशेजारीच, हात धुवायला एक पिंप. कपडे तेच घालून घरी, लेकरू धावत येऊन पायाला बिलगणार. डॉक्टर, गुळाचा उपयोग होतो का हो?

डॉ. उपाशीपोटी :

गुळाने शिसं उतरत नाही. पोटभर खाऊन कामाला गेलं तर शोषण कमी होतं, एवढंच. गुळापेक्षा साबण, वेगळे कपडे आणि घरी निघण्यापूर्वी आंघोळ यांचा उपयोग कैकपटीने जास्त. तुम्ही शेवटी लिहिलंत ते लेकरू या साखळीतलं सर्वांत कच्चं माणूस.

सहज आलो :

आमचे आजोबा रोज शेंदूर फासलेल्या मारुतीला मिठी मारून नव्वदी पार करून गेले. हळद खाल्ली, कल्हईच्या पातेल्यात जेवले. आता विज्ञानवाले म्हणणार देवसुद्धा विषारी! (हलकेच घ्या.)

एडिसनकर :

हलकेच घेतलं असतं, पण माझ्याकडे याचं उत्तर आहे. न्यू जर्सीत मुलांची एक आणि दोन वर्षांची असताना शिशाची तपासणी बंधनकारक आहे. माझ्या मुलीच्या बोटातून घेतलेल्या रक्तात ८ आलं, शिरेतून घेतल्यावर ७.१ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर. आरोग्य खात्याची बाई एक्सआरएफची बंदूक (क्ष-किरणांनी वस्तूतले धातू ओळखणारं हातातलं यंत्र) घेऊन घरी आली. आधी भिंती बघितल्या. घर नव्वदच्या दशकातलं, रंग स्वच्छ. मग म्हणाली, स्वयंपाकघर दाखवा, पूजेचं सामान दाखवा. मी चाट पडले. तिने याआधी किती देशी घरं पाहिली असतील ते कळलं.

हळद ठीक निघाली. समईवर थोडं सापडलं, ते म्हणे पितळेत असतंच. देवघरात पितळी करंड्यात शेंदूर होता, इकडच्याच देशी दुकानातून आणलेला. त्यावर बंदूक धरली आणि पडद्यावरचा आकडा टक्क्यांत आला, पीपीएममध्ये नाही! देवघर टीव्हीखालच्या कपाटात, अगदी जमिनीलगत. मुलगी रांगत तिथेच जाते, घंटा वाजवते, बोटं तोंडात. सासूबाई आल्या होत्या तेव्हा चतुर्थीला शेंदूर उगाळला गेला, तो सांडलेला तिथल्या गालिच्यात असणार.

मला दोनच प्रश्न आहेत. ७.१ ला औषध लागतं का? आणि नुकसान झालंय का?

डॉ. उपाशीपोटी :

एडिसनकर, आधी श्वास घ्या. ७.१ ला औषध देत नाहीत. शिसं बांधून बाहेर काढायची औषधं (चिलेशन) मुलांत साधारण ४५ च्या पुढे वापरतात. २० ते ४४ पातळीच्या मुलांना सक्सिमर देऊन अमेरिकेत मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २००१ मध्ये आले. रक्तातलं शिसं उतरलं, पण बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. म्हणजे एकदा आत गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा उगम बंद करणं हाच उपचार, आणि तो तुम्ही केलात.

दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर: शिशाची सुरक्षित पातळी माहीत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत ६० पर्यंत चालवून घेत, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ पासून ३.५. प्रत्येक वेळी रेघ खाली आली, कारण खालच्या पातळीलाही अभ्यास, एकाग्रता यांवर परिणाम दिसत गेला. पण हे हजारो मुलांच्या सरासरीतून दिसणारं आहे. एकट्या मुलीकडे बघून कुणीही "इतके गुण गेले" असं सांगू शकत नाही, सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, लोह कमी असेल तर भरून काढा, दूधदही चालू ठेवा. गालिचा काढून टाका, फरशी ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका. शिरेतलं रक्त तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत पुन्हा.

रसायनशाळा :

शेंदराचं रसायन सांगून ठेवतो. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं लाल ऑक्साइड, वजनाच्या ९० टक्के निव्वळ शिसं. बोटाला चिकटलेला एक मिलिग्रॅम कण म्हणजे ९०० मायक्रोग्रॅम. वरचा हळदीचा हिशेब याच्यापुढे काहीच नाही. बाजारात काही ठिकाणी नुसता रंगही "शेंदूर" म्हणून मिळतो, पण कुठला कोणता ते रंग बघून मलाही सांगता येणार नाही. न्यू जर्सीतल्याच दुकानांमधल्या आणि भारतातून नेलेल्या सिंदूर नमुन्यांचा एक अभ्यास २०१७ मध्ये आला होता, त्यात बरेच नमुने तिथल्या २० पीपीएमच्या मर्यादेबाहेर होते.

"सहज आलो", तुमच्या आजोबांना धोका कमी होता हेही खरं. मूर्तीवरचा शेंदूर तेलात कालवलेला, घट्ट बसलेला, आणि आजोबा बोटं चोखत नव्हते. धोका करंड्यातल्या कोरड्या पुडीचा आणि रांगत्या पोराचा. आजोबांचा रक्तदाब आणि मूत्रपिंडं कशी होती ते मात्र विचारून घ्या.

सहज आलो :

रक्तदाब होता. गप्प बसतो.

आडगावचा वैद्य :

इतका वेळ वाचत होतो. आता गाडी भस्मांवर येणार हे दिसतंय, म्हणून आधीच लिहितो. नागभस्म (नाग म्हणजे शिसं) म्हणजे शिसं खाणं नव्हे. शोधन, मारण, पुटं (बंद भांड्यात घालून पुन्हा पुन्हा भाजणं) हे सगळं त्याच्या शुद्धीसाठीच आहे. बाजारू, अर्धकच्ची भस्मं विकणाऱ्यांमुळे शास्त्र बदनाम होतं.

रसायनशाळा :

वैद्यबुवा, आदर ठेवून वाद घालतो. पुटं दिल्याने धातूचं ऑक्साइड किंवा सल्फाइड होतं, कण बारीक होतात, विद्राव्यता बदलते, इथपर्यंत मान्य. पण शिशाचा अणू शिशाचाच राहतो, आगीत तो दुसरा कुणी होत नाही. तो रक्तात किती उतरतो हे रक्तच सांगेल, आणि रक्ताने काय सांगितलंय ते छापून आलेलं आहे. २००४ मध्ये बॉस्टन परिसरातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक होतं. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ मध्ये सहा गरोदर बायकांच्या रक्तात भारतातून आणलेल्या आयुर्वेदिक गोळ्यांमुळे शिसं चढलेलं सापडलं. आणि आपल्याच औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत पारद (पारा), हरताळ, मनशीळ (दोन्ही आर्सेनिकची खनिजं) यांच्या रांगेत सिंदूर, म्हणजे शिशाचं लाल ऑक्साइड, विषारी द्रव्य म्हणून नोंदलेलं आहे. ही यादी आयुर्वेदाच्या शत्रूंनी केलेली नाही.

आडगावचा वैद्य :

यादी मला पाठ आहे. म्हणूनच अशा औषधावर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" असं छापावं लागतं आणि लोक ते कुरिअरने मागवतात, हे माझं दुखणं. गर्भिणीला आणि लहान मुलाला रसौषधी (पारा, धातू घातलेली औषधं) मी देत नाही. भस्म चालू केलेल्या रुग्णाचं रक्तातलं शिसं बघावं ही सूचना मात्र मला पटते, आमच्यात फारसं कुणी करत नाही. बाकी आपलं एकमत होणार नाही, चालू द्या.

तिखटमीठ :

वाद असा हवा. +१. बाळाच्या काजळाचं काय? आणि घुटीचं?

डॉ. उपाशीपोटी :

एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं घरचं काजळ म्हणजे काजळी, त्यात शिसं नाही (डोळ्यात घालायची गरजही नाही, जंतुसंसर्ग होतो). सुरमा मात्र पुष्कळदा शिशाच्या सल्फाइडचाच असतो, तो नकोच. घुटीत वेखंड, मुरडशेंग, सुंठ ठीक, पण त्यात हळकुंडही उगाळतात. वरचा हळदीचा भाग पुन्हा वाचा.

पाऱ्याबद्दल एकच. गोरं करणाऱ्या बिनलेबलाच्या मलमांत पारा असतो, तो मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो. मग पायांवर सूज आणि लघवीतून प्रथिनं. केरळमधल्या मलप्पुरमहून मूत्रपिंडाचे असे कितीतरी रुग्ण नोंदले गेलेत आणि अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या मायलेकींचं प्रकरण मुंबईच्या केईएममध्ये उघडकीला आलं होतं. ज्या मलमाने पंधरा दिवसांत "फरक" पडतो ते फेकून द्या.

निमशहरी :

आमच्याकडे तापमापक फुटला आणि पारा पलंगाखाली गेला. मुलाने एखादा थेंब गिळला की काय अशी शंका आहे. व्हॅक्यूमने ओढू का?

डॉ. उपाशीपोटी :

व्हॅक्यूम नको! गरम हवेबरोबर त्याची वाफ घरभर होईल. खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा, जाड कागदाने थेंब एकत्र करून चिकटपट्टीने उचला, झाकणाच्या बाटलीत भरा. गिळलेला पाराथेंब आतड्यातून जवळजवळ शोषला जात नाही, तसाच बाहेर पडतो. वाफच घातक. काच गिळली असेल किंवा मूल खोकत असेल तर मात्र दवाखाना गाठा.

तिखटमीठ :

परत हळद. प्रयोगशाळेत द्यायची तर काय मागायचं? आणि रक्त तपासायचं असेल तर?

रसायनशाळा :

एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली अन्नप्रयोगशाळा गाठा. शंभर-दोनशे ग्रॅम हळद, शक्यतो मूळ पाकिटात. सुटी असेल तर नव्या कोऱ्या पिशवीत द्या, मसाल्याच्या जुन्या बरणीत नको. "भेसळ तपासा" असं मोघम म्हटलंत तर रंग आणि स्टार्च बघून मोकळे होतील. "लेड, आयसीपी-एमएसवर" (अगदी बारीक प्रमाणातले धातू मोजणारं यंत्र) असं लिहून द्या. रक्तासाठी संपूर्ण रक्त लागतं, सीरम (पेशी काढून उरलेलं पाणी) नाही, कारण जवळजवळ सगळं शिसं तांबड्या पेशींत असतं. नळीही धातूंच्या तपासणीची वेगळी असते, ती आहे का हे आधी फोन करून विचारा.

तिखटमीठ :

धन्यवाद. मागे एकदा दुसऱ्या कामासाठी हळद दिली होती, तो रिपोर्ट आत्ता काढला. शिशापुढे नुसतं "बीडीएल" लिहिलंय. म्हणजे नाहीच ना?

रसायनशाळा :

म्हणजे त्यांच्या यंत्राला दिसलं नाही. यंत्राची नजर किती बारीक ते शेजारच्या रकान्यात किंवा मागच्या पानावर एलओक्यू (खात्रीने मोजता येणारं कमीत कमी प्रमाण) म्हणून असतं. ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो असेल तर खुशाल फोडणीला टाका. ५ असेल तर त्या रिपोर्टला अर्थ नाही, दुसरीकडे द्या. आणि तो आकडा छापलेलाच नसेल तर फोन करून मागा, द्यायला टाळाटाळ करतील, तरी मागा.